पाणी हाडांत शिरत नाही

तुमच्या घरातल्या लेकराचे हातपाय सुजले, ते कण्हायला लागलं आणि त्याने पाणी मागितलं, तर तुम्ही देता का? खरं सांगा. आमच्याकडे देत नसत.

माझा आजार मला कळला तो काठमांडूत. दवाखान्याची खाट, अंगावर दोन रजया, हाताला सलाइन. डॉक्टरीणबाईंनी माझ्या गुडघ्यांवरचे जुने डाग बोटाने चाचपले आणि विचारलं, "कहाँ के हो?"

मला बोलवत नव्हतं. वीरू म्हणाला, "भंडारा जिला, मॅडम. नागपुर के पास."

बाई वीरूकडे वळल्या. "मैं नागपुर में ही पढ़ी हूँ," त्या म्हणाल्या. "इसका खून देखो. सिकलिंग के लिए."

वीरू माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे वडील तुमसरच्या एका राइस मिलचे चौकीदार होते. नेपाळहून आलेले. मी शिक्षणासाठी सिहोऱ्याकडून तुमसरला आलो, तेव्हा वर्गात आम्ही दोघंच असे होतो की ज्यांना बाकीचे हसत. तो चौकीदाराचा, मी मासे धरणाऱ्या ढिवराचा. वीरू नेपाळीपेक्षा आमचीच बोली जास्त बोलायचा. पुढे त्याला काठमांडूच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला आणि मी तुमसरला बी.ए. करू लागलो. माझा बाकीचा वेळ तलावांच्या लिलावाविरुद्ध पत्रकं काढण्यात जायचा. आमच्या घरात पुस्तक नव्हतं. लहानपणी जे काही वाचलं, ती सभांमध्ये वाटलेली पत्रकंच. म्हणून लिहिताना मला अजूनही गोड बोलता येत नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत वीरूने बोलावलं. भाऊबीज झाली आणि मी निघालो. रक्सौलपर्यंत रेल्वे, पुढे डोंगरातून बस. परदेश पाहायचा होता. चार दिवस नुसतं भटकायचं होतं.

खोलीत वीरू आणि त्याचा सोबती सुशील राहत. दोघंही आळीपाळीने माझी नाडी पाहत आणि पोट दाबत. परीक्षेसाठी त्यांना फुकटचा रोगी मिळाला होता. वीरू म्हणायचा, "तुह्यासारखा बारका मानूस असला म्हनजे बरगड्या मोजाले सोप्या जाते बे."

एका सकाळी थंड पाण्याने आंघोळ करून आम्ही डोंगरावरचं देऊळ पाहायला चढलो. उतरताना मांड्या धरल्या. संध्याकाळी पाठ. रात्री छातीत असं दुखू लागलं की श्वास अर्ध्यात सोडावा लागत होता. वीरूने पाण्याचा गिलास पुढे केला. मी तोंड फिरवलं.

"काहून पीत नाही बे?"

"पानी हाडात गेलं आहे," मी म्हणालो. "अजून कायले घालू?"

हे मी थट्टेत म्हटलं नव्हतं. दुखणं मला नवं नव्हतं. आमची माणसं पहाटे छातीभर पाण्यात उभी राहून जाळं ओढतात. नंतर कोणाचे गुडघे धरतात, कोणाची कंबर. सगळे सांगतात, तलावाचं पाणी हाडांत शिरलं. मग बिब्ब्याचा डाग द्यायचा, म्हणजे ते बाहेर पडतं. आणि दुखणं थांबेपर्यंत पाणी तोडायचं. मी डाग देण्याच्या विरोधात पत्रक काढलं होतं. पण पाणी तोडण्याबद्दल मला कधी शंकाच आली नाही. ती आम्हाला अंधश्रद्धा वाटत नव्हती, साधी समज वाटत होती.

रात्रीच वीरू आणि सुशीलने मला कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. रक्ताची तपासणीही त्या दोघांनीच केली. एक थेंब काचेवर घ्यायचा, त्यात एक औषध घालायचं, वरून बारीक काच ठेवून कडा बंद करायच्या आणि थांबायचं. मी जरा सावरल्यावर वीरूने मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं.

"पाह्य. इळाच दिसते का नाही? धान कापाचा इळा."

खरंच तसं होतं. डॉक्टरीणबाईंनी मग नीट समजावलं. आजाराचं नाव सिकल सेल ॲनिमिया. सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. या आजारात त्या वाकतात, कडक होतात, बारीक नळ्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त पोचत नाही आणि तो भाग दुखतो. थंडी, ताप, अतिश्रम यांनी हे वाढतं. आणि पाणी कमी पडलं की फार वाढतं. आजार आईबाप दोघांकडून येतो. एकाकडूनच आला तर सहसा त्रास होत नाही, पण तो पुढे देता येतो. कायमचं बरं करणारं औषध नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "घर में कोई बच्चा है, जिसके हाथ-पैर सूजते हैं?"

मला मंदाचा मुन्ना आठवला. मंदा माझी धाकटी बहीण, आत्याच्याच मुलाला दिलेली. भाऊबिजेला ती आली तेव्हा मुन्नाच्या हातापायांचे पंजे फुगले होते. तो माठाकडे पाहून तोंड उघडायचा. मंदाने माठ दारामागे नेऊन ठेवला आणि त्याला पाठीशी बांधून फिरत राहिली. जाताना मी त्याच्या हातात एक बत्तासा ठेवला होता. त्याला मूठ मिटता आली नव्हती.

"उसे पानी दो," बाई म्हणाल्या. "बुखार हो तो उसी दिन अस्पताल."

वीरू पळतच तारघरात गेला. मुन्नाला पाणी पाजा, डाग देऊ नका, तुमसरच्या दवाखान्यात न्या. एवढाच मजकूर. मला उठून बसता येईना, बसचा प्रवास तर दूरच. मी पडून राहिलो आणि मला भरपूर पाणी पाजलं जात होतं. प्रत्येक गिलास मी त्या पोराच्या नावाने प्यालो, याचा त्याला काही उपयोग नव्हता.

तार मंदाच्या सासरी पोचली तेव्हा आधी रडारड झाली. आमच्याकडे तार म्हणजे मरण. वाचून घेतल्यावर आत्याचे यजमान म्हणाले, पोरगा परदेशात जाऊन बहकला. तोवर मुन्नाला ताप चढला होता आणि पोटावर डाग देऊन झाले होते. मंदा एकटी त्याला घेऊन निघाली. सिहोऱ्याच्या स्टँडवर बसची वाट पाहताना तो तिच्या मांडीवर गेला.

मी घरी पोचलो तेव्हा ती मला पाहून रडली नाही. तिने एकच विचारलं.

"भाऊ, त्याले खरंच दुखत होतं ना? सारे म्हनत, पोट्टा नाटकी आहे."

"खरंच दुखत होतं," मी म्हणालो.

"अन् तहान?"

मी हो म्हणालो. ती उठून आत गेली.

मंदाला मी दोष देत नाही. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पण मी विचारतो, नागपुरात शिकवलं गेलेलं ज्ञान डोंगर ओलांडून काठमांडूला पोचलं, ते सिहोऱ्याला का पोचलं नाही? रस्ता आहे. बस आहे. नसबंदीच्या दिवसांत सरकारी माणसं आमच्या दारोदार आली होती. मतांसाठी जीपा येतात. एक थेंब रक्त पाहायला मात्र कोणी आलं नाही. आरोग्य केंद्रात वर्षानुवर्षं मला दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या, आजाराचं नाव मिळालं नाही.

आता ते नाव मला ठाऊक आहे. थंडीत मी तलावात उतरत नाही, बाटली जवळ ठेवतो, तरी वर्षातून कधी तरी खाट धरतोच. हे असंच चालणार. वीरूचे आणि त्या बाईंचे उपकार फिटणारे नाहीत.

मंदाला नंतर मुलगी झाली. नागपूरला नेऊन तिचं रक्त तपासलं. तिलाही तोच आजार आहे. पण मंदाच्या घरी माठ आता दारामागे नसतो. तो घराच्या मधोमध, जमिनीलगत असतो, पोरीचा हात पोचेल असा. परवा आत्याने सवयीने तो उचलायला हात घातला, तर मंदा म्हणाली, "हात लावू नोको, आत्या. तिचा हाय तो."

तुमच्या आळीत असं एखादं लेकरू असेलच. हातपाय सुजणारं, पिवळं पडलेलं, नाटकी म्हणून हिणवलेलं. हे वाचून झालं की उठा आणि त्याच्या घरी जा. ताप असेल तर त्याला आजच दवाखान्यात न्या आणि सिकलिंगची तपासणी मागून घ्या. पण त्याही आधी, दारातूनच विचारा, याला पाणी दिलं का?