पनवेल ते करंजा, बाबांच्या जेटवर

एसटीने गेलो असतो तर उरणपर्यंत एक गाडी, पुढे करंज्याची दुसरी, आणि लिहिण्यासारखं काहीच घडलं नसतं. पण नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, माझ्या अंगात मस्ती होती आणि दारात बाबांची जुनी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल उभी होती.

या गाडीचं आमच्या घरात एक वेगळंच काम होतं. संध्याकाळी ती गल्लीच्या तोंडाशी वळली की आई आवाज ओळखून चहाचं आधण ठेवायची. बाबा चपला काढेपर्यंत कप तयार. बाबा गेले आणि गाडी दारात गंजत पडली. वर्षभराने मी ती चालू करायला घेतली, तर सायलेन्सर कुजलेला आणि एअर फिल्टरच्या डब्याचा नुसता पत्रा उरलेला. मी हौसेने आखूड, मोकळा सायलेन्सर आणि जाळीचा उघडा फिल्टर बसवला. आवाज असा फुटला की गल्लीतली कुत्री उठून बसली. आईने एकदा ऐकला आणि म्हणाली, "ही आपली गाडी नाय." माझ्यासाठी आधण कधी चढलंच नाही.

सायलेन्सर बसवणाऱ्या मिस्त्रीने दोन मोठी जेटंही हातावर ठेवली होती. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला भोक पाडलेला पितळेचा बारीक तुकडा, इंजिनाला पेट्रोल त्यातूनच मिळतं. "आता हवा जास्त जाणार, पेट्रोल तेवढंच. बदल, नाहीतर गाडी भाजेल," तो म्हणाला. मी हो हो केलं आणि जेटं टूलबॉक्समध्ये टाकली. आतलं जेट बाबांनी स्वतःच्या हाताने लावलेलं होतं. त्याला हात लावायला माझा जीव धजत नव्हता.

अशात करंज्याहून मामाचा निरोप आला. त्याची नवी होडी पहिल्यांदा पाण्यात जाणार होती आणि ताईनेच, म्हणजे माझ्या आईनेच, ओवाळायला हवं असा त्याचा हट्ट होता. आई आधी नाहीच म्हणाली. नवरा गेलेल्या बाईने ओवाळायचं, लोक काय म्हणतील! चार दिवस धुसफूस करून ती एकदाची तयार झाली. होडी भरतीलाच सुटणार आणि भरती काही आमच्यासाठी थांबणार नव्हती.

सकाळी पनवेलला टाकी भरून निघालो. मागे आई, तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं आरतीचं ताट. गव्हाण फाट्यापर्यंत रस्ता मजेचा. पुढे बंदराकडे जाणारे कंटेनर सुरू झाले, त्यांच्या मागे धूळ खायची किंवा हिंमत करून पुढे काढायची. मी पुढे काढायला पूर्ण मूठ पिळली की गाडी उचकी दिल्यासारखी अडखळायची, मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटाके. जासईच्या पुढे, दोन्ही बाजूंना मिठागरं पसरलेली आणि सावलीला एक झाड नाही अशा जागी ती धापा टाकत बंदच पडली. इंजिनाजवळ हात नेववत नव्हता.

आई उतरली. ताट छातीशी धरून म्हणाली, "बघ. गाडीला पन नको हाय. मागं फिरव. मी ओवाळू नये, असंच हाय ते."

गाडी जरा निवल्यावर मी फडक्यात धरून प्लग काढला आणि वर पाहतो तर आई वाकून बघत होती. तेव्हा आठवलं. प्लग काढला की बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन तिला विचारायचे, "चहा कसा झालाय?" प्लगच्या टोकाचा रंग पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा म्हणजे जास्त, आणि आईच्या चहासारखा रंग आला की सेटिंग बरोबर.

"नुसतं दूध हाय," आई म्हणाली. "चाय कुटं हाय यात? जेट बदल."

"बाबांनी लावलंय ते, आई."

"त्यांनी लावलं तवा धुराची नळी येगळी व्हती. तुजे बाबा असते तर कवाच बदललं असतं."

एवढं बोलून तिने ताटाच्या फडक्याची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. मग म्हणाली, "आटप. भरती निगून जाईल."

पेट्रोल बंद केलं, कार्बोरेटरची वाटी सोडवली, बाबांचं जेट काढून खिशात ठेवलं. पहिलं नवं जेट लावून थोडं अंतर गाडी पूर्ण ताकदीने पळवली, मग एकदम इंजिन बंद करून क्लच दाबून थांबलो, म्हणजे प्लगचा खरा रंग कळतो. आई मागे ताट सांभाळत बसलेलीच. "पांचट," तिने निकाल दिला. दुसरं, त्याहून मोठं जेट लावलं. पुन्हा तीच कसरत. या वेळी तिने प्लग उन्हात नीट फिरवून पाहिला.

"आली," ती म्हणाली.

त्यानंतर गाडी जी सुटली ती थेट करंज्याच्या धक्क्यावर. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, पाण्यावर डुलणाऱ्या होड्या आणि कमरेवर हात ठेवून वाट बघणारा मामा. पाणी चढलेलंच होतं. गर्दीत एक म्हातारी कुजबुजली, "हिनं ओवालाचा?"

मामा तिच्याकडे वळला. "होरी माजी, बहीण माजी. तुमी नारळ आना."

आईने ओवाळलं. खाडीच्या वाऱ्यातही ज्योत विझली नाही. होडी पाण्यावर तरंगली तेव्हा मी रडलो, कारण विचारू नका. नंतर मामीच्या हातचं कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. तुम्ही करंज्याला गेलात तर कोणाच्या तरी घरी जेवायचा योग जुळवा, आणि वेळ असेल तर खाडी ओलांडणाऱ्या तरीने पलीकडे रेवसला जाऊन या, तिकीट किरकोळ असतं. परतताना उजेड असतानाच निघा, कंटेनरवाले अंधारात कोणाचे नसतात.

आता त्या बाजूला इतका रस्ता आणि इतक्या इमारती झाल्यात की आमची ती बिनसावलीची जागा मला सापडत नाही. बाबांचं जेट मात्र अजून माझ्या किल्लीच्या जुडग्यात आहे.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो. गल्लीच्या तोंडाशी वळलो, गाडी लावली, चपला काढल्या. आत स्टोव्हचा आवाज येत होता. आधण चढलेलं होतं.