दोन बोटं वाकलेला गुडघा

...तर हा सिरिलो सुतार. अँटिग्वा गावच्या ख्रिस्ती देवळात गुड फ्रायडेच्या पालखीच्या खांदेकऱ्यांचे खांदे मोजायचं काम बावीस वर्षं त्याच्याकडेच. पालखी ऐंशी खांद्यांवर जायची, म्हणून एका रांगेत सगळे एका उंचीचे हवेत. बुटक्याच्या खांद्याला दांडा शिवत नाही आणि उंच माणूस बिचारा गुडघे मोडून चालतो.

त्या वर्षी मापाला धाकटा भाऊ एलिसेओ आला. कौलं चढवणारा गडी, शिडीवर त्याचं पोट. वर्षापूर्वी त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटीखालची जाड शीर तुटली होती, ती शिवलेली. इस्पितळातल्या व्यायामबाईंनी तेव्हा सिरिलोला खडूनं हिशोबच मांडून दाखवला होता. गुडघा सरळ असला की वजन हाडाहाडांतून जमिनीत उतरतं. खांदा दोन बोटं खाली आणला, की गुडघा बारा सेंटिमीटर पुढे येतो. मांडीचा स्नायू मात्र त्याला आवरतो सांध्यापासून जेमतेम चार सेंटिमीटरांवरून. म्हणजे तिप्पट जोर. गुडघ्यावरचं अंग पासष्ट किलो, दांड्याचा वाटा पंचेचाळीस. एका पायावर पाऊल पडलं की शिरेवर तीनशे तीस किलोंचा ओढा.

"सरळ चालू दे, हवं तिथे जाऊ दे," बाई म्हणाल्या होत्या. "वाकवू मात्र नका."

"दादा, मला चौथ्या रांगेत घाल," एलिसेओ म्हणाला. "आबा गेल्यापासून त्यांची जागा रिकामी आहे."

"ती बुटक्यांची रांग. तुझे पाय बांबूसारखे लांब."

"आधी मोज तर."

खांदेकऱ्याचा जांभळा झगा घोट्यापर्यंत, आत पाय कसे आहेत ते दिसत नाही. एलिसेओ भिंतीला टेकला, चेहरा अगदी साधूचा.

"वर्षभरात झिजलास की रे," मागे मापासाठी उभा असलेला न्हावी म्हणाला. एलिसेओ खुदकन हसला.

सिरिलोनं पट्टीवरचा आकडा वाचला आणि वहीत चौथ्या रांगेखाली उतरवला.

गुड फ्रायडेला रंगीत भुशाच्या रांगोळ्या तुडवत पालखी कोपऱ्यावर वळली. वळताना भार आतल्या बाजूला झुकतो, आणि एलिसेओ नेमका आत होता. ओली फांदी मोडावी तसा आवाज शेजारून चालणाऱ्या सिरिलोनं ऐकला. एलिसेओ खाली बसला. पालखी थांबवायची रीत नाही; मागचे त्याला ओलांडून पुढे गेले.

या खेपेला शिवण्याजोगं काही उरलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पाय ताठच राहणार. शिडी संपली.

इस्पितळाच्या बाकावर एलिसेओच्या बायकोनं, ओतिलियानं, सिरिलोकडे न बघताच विचारलं, "भाऊजी, बावीस वर्षं माणसं मोजताय. वाकलेला माणूस तुम्हाला ओळखता येत नाही?"

"येतो," सिरिलो म्हणाला. "मला तेव्हाच कळलं होतं. पण आबांना पुरल्यापासून तो पहिल्यांदा हसला, ओतिलिया, आणि त्याला ताठ उभा राहा म्हणायला माझी जीभ उचलली नाही."