कूलरनं प्यायलेला मोगरा

काकूंचं नाक बिघडलं नव्हतं, त्यांच्या मेणबत्त्या मी बिघडवल्या होत्या. एवढं एक वाक्य शेजारच्या दारात जाऊन सांगायला मला मे महिन्यापासून दिवाळीपर्यंत वेळ लागला.

यवतमाळात काकूंचं घर आमच्या भिंतीला लागून. त्यांच्या नाकाचा गल्लीला धाक होता. फाटकात उभ्या राहून त्या कोणाची डाळ करपली ते सांगत. मी ऑफिसातून येताना भजी खाल्ली, की बायकोच्या आधी त्यांना कळे.

या नाकाच्या भरवशावर त्या घरी सुगंधी मेणबत्त्या करत. मेण वितळलं की आधी गॅस बंद. धग उतरेपर्यंत अत्तराच्या बाटलीला हात लावायचा नाही. "कडकडीत मेणात वास टाकला का तो आपल्या साडीले लागते, मेणबत्तीले नाही." मग जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत ओतायचं आणि निवलं की झाकणं घट्ट लावून, जुन्या साडीत गुंडाळून, पंधरा दिवस दिवाणाखाली. "लोणच्यावानी मुरू द्या. घडीघडी उघडून पाह्यलं का वास गल्लीचा होते."

मे महिन्यात त्यांची पहिली मोठी ऑर्डर तयार झाली, एका लग्नासाठी मोगऱ्याच्या मेणबत्त्या. नेमकं तेव्हाच त्यांना लेकीच्या बाळंतपणासाठी वणीला जावं लागलं. त्यांच्या टिनाखालच्या खोलीत मेण टिकलं नसतं, म्हणून खोकं आमच्याकडे आलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "भाऊ, झाकण उघडू नका."

मी सगळी उघडली. हेतू वाईट नव्हता. मेण पाझरू नये म्हणून बाटल्या कूलरसमोर मांडल्या आणि आतपर्यंत गार हवा लागावी म्हणून झाकणं काढली. घरभर मोगरा सुटला. बायको म्हणाली, मंगल कार्यालयात झोपल्यासारखं वाटतंय. मी मात्र काकूंची किती काळजी घेतोय, या समाधानात घोरत होतो. त्या परतायच्या आदल्या दिवशी झाकणं लावली. स्वतःचा नियम काकूही पाळत, त्यामुळे खोकं न उघडता तसंच लग्नघरी गेलं.

लग्नानंतर नवरीची आई काकूंच्या दारात येऊन सुनावून गेली, की उजेडाला आमच्याकडे लाइट आहेत, वासाचं काय? तिनं परत आणलेली एक बाटली काकूंनी पेटवून हुंगली. त्यांना कूलरच्या जाळीतल्या ओल्या गवताचा वास आला. "माह्यं नाकच गेलं, भाऊ. मोगरा मले गवतावानी लागून राह्यला."

तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी त्यांचं नाक झालो. दूध नासलं का, हिंग असली आहे का, ताक आंबलं का, सगळं तपासायला माझ्याकडे येऊ लागलं. अपराधीपणापायी मी भांडीच्या भांडी आंबट ताक प्यायलो. मेणबत्त्या मात्र त्यांनी बंद केल्या.

दिवाळीच्या तोंडावर त्या उरलेलं अत्तर घेऊन आल्या. "तुमच्याच घरी ठेवा. मले आता याचा काय उपयोग?"

मग मी सगळं सांगितलं, कूलरसकट. त्यांनी अत्तराची बाटली खाली ठेवली. नंतर जवळ येऊन त्यांनी लांब श्वास घेतला.

"आज भजे खाल्ले. मिरचीचे."

कितीतरी महिन्यांनी त्या हसल्या. मी माफी मागू लागलो तर म्हणाल्या, "मले कायले मांगता? जिच्या घरचं लगन बिनवासाचं झालं तिले मांगा."

पुन्हा मेण वितळलं, दिवाणाखाली मुरलं. मग एका सकाळी खोकं मांडीवर घेऊन काकू माझ्या स्कूटरवर मागे बसल्या, आणि मी त्या बाईंच्या दारात उभा राहिलो.

"ताई, तुमच्या लेकीच्या लग्नातला मोगरा मी घेतला होता," मी म्हणालो. "चुकलो. परत आणलाय. या वेळी झाकण उघडलेलं नाही."