खालचा हात

धाकटीला सगळे धाकटीच म्हणायचे. केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, तरी नाव काही मोठं झालं नाही. थोरली होती तोवर त्या नावाला अर्थ तरी होता. थोरली गेली आणि धाकटी कुणाची धाकटी, हे सांगायला कुणी उरलं नाही.

गोधडीच्या शिबिराला ती आली ती एक बोचकं छातीशी धरून. शिबिर सुट्टीत बंद असलेल्या एका शाळेच्या वसतिगृहात होतं. लोखंडी खाटा, फिनेलचा वास आणि जेवणाच्या लांबलचक खोलीत टेबलं बाजूला सारून मांडलेल्या लाकडी चौकटी. एका खोलीत दोघी-दोघी. धाकटीच्या वाट्याला कंडक्टरीण आली. उभा जन्म बसमध्ये उभ्याने काढलेली बाई. तिचा आवाज अजूनही मागच्या सीटपर्यंत पोचायचा.

"बोचकं खाटेखाली टाक की," कंडक्टरीण म्हणाली. "लगेजचं वेगळं तिकीट नाही लावत मी."

"असू दे. उशाला घेईन."

"पोर आहे का काय आत?"

धाकटी नुसती हसली. आत एक अर्धवट गोधडी होती आणि ती पुरी करूनच इथून हलायचं, असं भाचीला शब्द देऊन ती आली होती. भाची म्हणजे थोरलीची लेक. तिचे दिवस भरत आले होते. शिबिरात नावही तिनेच नोंदवलं होतं. "मावशी, घरी बसून तू ती नुसती कुरवाळत बसतेस," ती म्हणाली होती. "तिथे चार जणींत बसशील तर हात चालेल. बाळाला माझ्या आईच्या हातची गोधडी पांघरायची आहे मला. शेवटच्या दिवशी तुला न्यायला येते, तेव्हा तयार ठेव."

आईच्या हातची. धाकटीचं घोडं अडलं होतं ते तिथेच.

दोघी बहिणींनी जन्मभर जोडीने गोधड्या शिवल्या. धाकटी सरकारी रुग्णालयाच्या कपडेखोलीत चादरी आणि अभ्रे शिवायची. संध्याकाळी घरी आली की थोरली जमिनीवर कापड अंथरून तयार असायची. थोरली डावखुरी. लहानपणी त्या हातावर पट्ट्या खाल्ल्या, पण हात काही बदलला नाही. उजव्या हाताची बाई उजवीकडून डावीकडे टाके घालत जाते, थोरली डावीकडून उजवीकडे जायची. त्यामुळे दोघी समोरासमोर बसल्या की दोघींचे टाके एकाच दिशेने चालायचे, नदीच्या दोन काठांवरून दोघी गप्पा मारत चालल्यासारखे. थोरलीचा टाका जरा डावीकडे कलायचा. हजार टाक्यांत धाकटीला तो ओळखू यायचा.

या गोधडीचे तुकडे मात्र धाकटीनेच मशीनवर जोडले होते, कारण तोवर थोरलीने अंथरूण धरलं होतं. बारीक टाका तिला झेपेना. मग तिने गोधडीचे थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब कच्चे टाके घातले. "कच्चं मी घातलंय," ती म्हणाली, "पक्कं तू घाल, धाकटे." पुढच्याच आठवड्यात ती गेली.

कच्च्या टाक्याला गाठ मारत नाहीत. पक्का टाका पडला की कच्चा ओढून काढायचा, म्हणून तो असा मोकळाच सोडलेला असतो. थोडक्यात, या गोधडीत थोरलीच्या हातचं जे काही होतं, ते सगळं काढून टाकण्यासाठीच घातलेलं होतं. धाकटी जसजशी शिवत गेली असती तसतशी थोरली निघत गेली असती. म्हणून वर्ष झालं तरी बोचकं तसंच होतं.

शिकवणाऱ्या बाई बारीक अंगाच्या आणि मऊ बोलणाऱ्या होत्या. जमिनीवर बसून शिवणाऱ्या सगळ्यांना त्यांनी चौकटीपुढे बसवलं. कापड ढोलावरच्या चामड्यासारखं ताणायचं, एक हात वर सुई धरून आणि दुसरा खाली, कापडाआड.

"खालच्या हाताकडे बघू नका," बाई म्हणाल्या. "त्याला डोळे लागत नाहीत. सुईचं टोक बोटाला लागलं की त्याने वर ढकलायचं. आठवडाभर बोट टोचेल, मग खालचा हात वरच्याला शिकवायला लागेल."

"म्हणजे आमच्या साहेबासारखंच," कंडक्टरीण म्हणाली. "दिसायचा नाही, पण टोचायचा बरोबर." सगळी खोली हसली.

दोन दिवस धाकटीने सरावाच्या फडक्यावर हात बसवला. तिसऱ्या दिवशी कंडक्टरणीनेच बोचकं उचलून चौकटीपाशी आणलं. "बसून बसून गाडीचं इंजीन गार पडतं. लाव वर."

धाकटीने गोधडी ताणली. पहिली ओळ घातली. मग मन घट्ट करून शेजारच्या कच्च्या दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं. दोरा अख्खाच्या अख्खा सुर्रकन निघून आला. टाकून देववेना, म्हणून तिने तो एका रिकाम्या रिळाला गुंडाळून ठेवला. सकाळभरात अशा बऱ्याच ओळी झाल्या. जेवणानंतर सगळ्या आडव्या झाल्या तशी तीही झाली. उठून चौकटीपाशी आली, तर निघालेला दोरा परत जागेवर. रीळ रिकामं.

आधी तिला वाटलं, आपलाच घोळ झाला, काढलाच नसेल. ती वाकली. पांढरे लांब टाके डावीकडे कलले होते. तिने मुकाट्याने ते परत काढले, परत गुंडाळले. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी तर तिच्या मांडीवर दोऱ्याचा पांढरा तुकडा होता आणि डोळे उघडले तेव्हा बोटं आखडलेली होती.

संध्याकाळी हात धुताना कंडक्टरीण सहज बोलून गेली, "तुझी मेहनत मानली बाई. आम्ही दुपारी घोरतो, तू तेवढ्यात डाव्या हाताचा सराव करतेस."

"कोण? मी?"

"मग काय मी? काल पाणी प्यायला उठले तर चौकटीपाशी बसली होतीस. डाव्या हाताने झपाझप. मी हाक मारली, अगं झोप की जरा. तर तोंडावर बोट ठेवून म्हणालीस, हळू बोला, धाकटी झोपलीय." कंडक्टरीण हसली. "मला म्हणे, धाकटी झोपलीय. नाटकी कुठली."

नळ तसाच वाहत राहिला. तो कंडक्टरणीने बंद केला. धाकटीचा चेहरा बघून तिचंही हसू मावळलं.

"गंमत केलीस ना?"

"हो," धाकटी म्हणाली. डाव्या हाताने तिने कधी घासही घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डावा हात अंगाखाली दाबून झोपली. उठली तेव्हा हात तिथेच होता, मुंग्या आलेला, आणि गोधडी सकाळी सोडली तशीच होती. तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट एखाद्याला दाराबाहेर ताटकळत ठेवल्यासारखं वाटलं. तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मावशी, उद्या सकाळी निघते. झाली का?"

"होईल."

"आवाज का असा? आई आजारात असा काढायची."

धाकटीने फोन ठेवला आणि बाईंना गाठलं. "बाई, कच्चा टाका गोधडीत तसाच ठेवला तर?"

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "कुणाचा आहे?"

"बहिणीचा."

"मोठ्या माणसाच्या अंगावर असती तर म्हटलं असतं, ठेवा. पण तुम्ही सांगितलं ना, बाळाची आहे."

पुढचं बाईंनी सांगायची गरज नव्हती. रुग्णालयात मुलांच्या वॉर्डातली चादर लोंबत्या दोऱ्यासकट गेली की नर्सबाई तशीच परत आणून कपडेखोलीत आपटायच्या. सुटा दोरा तान्ह्याच्या बोटाला वेढा घालून बसतो. बाळ रडत राहतं, कुणाला कळत नाही, आणि बोट काळंनिळं पडतं. धाकटीने असं एक बोट बघितलं होतं. त्यानंतर एकही दोरा तिच्या नजरेतून सुटला नव्हता, आणि हे थोरलीलाही तिनेच सांगितलं होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी सगळ्या सामान बांधत होत्या, तेव्हा ती चौकटीपुढे बसली होती. पक्के टाके घालून झाले होते. एकेक कच्चा दोरा ती काढत गेली, रिळाला गुंडाळत गेली. शेवटचा, मधोमधचा, थोरलीने सगळ्यात आधी घातलेला, तेवढा उरला. तिने टोक धरून ओढलं.

दोरा येईना.

कुठे अडकला म्हणून तिने वरून चाचपलं. गुंता नव्हता. गाठ असणं शक्य नव्हतं. थोरलीने मरतानाही कच्च्याला गाठ मारली नसती. तिने परत ओढलं. खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा दोरा ताणला गेला, कापड वर उचललं गेलं, पण दोरा हलला नाही.

"सोड गं ताई," ती हळूच म्हणाली. "बाळाला पांघरायची आहे. बोटाला दोरा लागेल. तुला सांगितलं होतं ना मी."

काही झालं नाही. ती तशीच थांबली. मग कापडाआड, दिसत नव्हतं तिथे, एक एक बोट उघडल्याचं तिला कळलं. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, ती बोटं तिचीच आहेत. हा शेवटचा दोरा धरल्यापासून तिचा डावा हात चौकटीखाली होता, आणि दोऱ्याचं दुसरं टोक त्याने मुठीत आवळलं होतं.

दोरा सुर्रकन वर आला.

तिने हात बाहेर काढून उजेडात धरला. तर्जनीवर सुईच्या टोचण्या, तळव्यावर दोऱ्याचा लाल वळ. बाकी नेहमीचा हात.

"धाकटे," दारातून कंडक्टरणीचा मागच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज आला, "तुझी भाची आलीय. पोट सांभाळत जिना चढतेय, ऐकत नाही. आणि कुणाशी बोलत होतीस?"

"ताईशी."

कंडक्टरीण दारातच घुटमळली. मग आत येऊन तिने गोधडीचं एक टोक धरलं आणि चौकटीवरून सोडवायला लागली. "झाली म्हणायची," एवढंच म्हणाली.

भाचीने गोधडी हातात घेतली, उलटीपालटी केली, गालाला लावली. "मावशी, यात आईचं कुठलं गं?"

धाकटीचं लक्ष शेवटचा दोरा गुंडाळण्यात होतं. रीळ उजव्या हातात होतं. गुंडाळत होता तो डावा हात, सराईतासारखा, झपाझप. तिने त्याला अडवलं नाही.

"शिवलेलं माझं आहे," ती म्हणाली. "धरून ठेवलं होतं तिने."