शालनकाकींचा राणी कलर

दुपारची उन्हं कलली की शालनकाकी नटायच्या. तोंडाला पावडर, कडक इस्त्रीची साडी, एकसारख्या बसवलेल्या निऱ्या, अंबाड्यात फूल. हातात पर्स घेऊन आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवून त्या घराला कुलूप लावायच्या. आणि जायच्या कुठे? तर कोपऱ्यावरच्या एसटी थांब्याच्या बाकावर. तिथे बसून येणारी-जाणारी एसटी बघायच्या आणि दिवेलागणीला घरी परत.

मी मूळची बारामतीची. लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली, तेव्हा काकींच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला गेले. पहिल्याच दिवशी त्या अशा नटून दारात दिसल्या. मला वाटलं, निघाल्या असतील कुणाच्या लग्नाला.

"कुठं निघालात काकी?"

"कुठं न्हाय. हितंच," म्हणाल्या, आणि इतक्या खूश झाल्या की मी चक्रावलेच. बाई जरा सटकलेली दिसते, असं मी त्या रात्री आईला फोनवर सांगितलं.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा, संदीप, पुण्यात नोकरीला होता. रविवारी फोन करायचा, तोही घाईत. घरात बोलायला भिंतीच. एकदा इस्त्री करता करता त्यांनी आपणहूनच उलगडा केला. "साधं नेसून बसलं की लोक म्हंत्यात, बिचारी. चांगलं नेसून बसलं की पुसत्यात, काकी कुठं निघाला? मला दुसरं बरं वाटतं. तेवढंच बोलणं हुतं."

माझ्या कपड्यांवर मात्र त्यांचा राग होता. खुंटीवरचा ड्रेस झटकून अंगात घालणारी मी. त्या मला दारातच अडवायच्या. "मॅडम, ही ओढणी हाय का भांडी पुसायचं फडकं? काढा आधी." मग मला उशीर होत असताना त्या शांतपणे ओढणीला इस्त्री करायच्या. मी चिडायचे, पण त्या दिवशी ऑफिसात माझी चाल बदललेली असायची, खोटं कशाला बोलू!

काकींचं खरं युद्ध चालायचं ते आहेराशी. आमच्याकडे लग्नात बायकांना साड्यांचा आहेर करतात आणि विधवा बाई दिसली की यजमानीण हटकून फिकट साडी काढते. राखाडी, पिस्ता, नाहीतर धुतलेल्या भिंतीसारखा बदामी. इतर बायका अशा साड्या कपाटात टाकतात आणि पुढच्या लग्नात दुसरीला देऊन मोकळ्या होतात. काकी तसं करत नसत. इंदापूरच्या बाजारातून रंगाची पुडी आणायच्या, मोठ्या पातेल्यात पाणी उकळून मीठ टाकायच्या आणि साडी बुडवून काठीने ढवळत बसायच्या. रंग ठरलेला, राणी कलर. नंतर कितीतरी दिवस त्यांचे हात गुलाबी दिसायचे. मग तीच साडी नेसून त्या देणारीच्या दारात हजर.

"कुणाची साडी म्हणायची काकी? झ्याक हाय!"

"तुझीच की गं. वळखली न्हाईस व्हय?"

देणारीला हसावं की रडावं कळायचं नाही. चहा मात्र टाकावाच लागायचा. काकींना तेवढंच हवं असायचं.

मग संदीपचं लग्न ठरलं. बारामतीला मोठं कार्यालय घेतलं होतं. काकींनी मोरपंखी साडी घेतली, ब्लाउज दोनदा उसवून शिवून घेतला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात संदीपचा फोन आला. फोन ठेवून त्या बराच वेळ पर्सच्या बटणाची उघडझाप करत बसल्या. मग म्हणाल्या, "जरा साधं नेस म्हंतोय. तिकडची मान्सं काय म्हंतील म्हणून." मी संदीपला चार शब्द सुनावायला निघाले होते. त्यांनीच मला गप्प केलं. "ऱ्हाऊ द्या. त्याच्या सुखाचा दिस हाय."

कार्यालयात मी त्यांना शोधत राहिले आणि दोनदा त्यांच्याच समोरून गेले. मागच्या खुर्चीवर पांढुरक्या साडीत, कपाळावर टिकली नाही, केसात फूल नाही. कुणी काही विचारत नव्हतं. विहिणीने आहेर केला तोही राखाडी साडीचाच. रेशमी होती, भारी होती, पण राखाडी. मला भर मांडवात रडू आलं.

घरी आल्यावर काकींनी पातेलं काढलं. ती साडी इतर कुठल्याही साडीपेक्षा सुरेख रंगली. इस्त्री करून त्यांनी ती कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. "ही विहीणबाईला दावायची. पोरगं बोलवंल तवा हीच नेसून जाणार पुण्याला."

संदीप बोलवत नव्हता असं नाही. "ये ना कधीतरी," म्हणायचा. पण कधीतरी हा काही वार नव्हे. काकी बाकावर बसायच्या, पुण्याची एसटी यायची, जायची. त्या साडीची घडी काही मोडली नाही.

थंडीत एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या. संदीप पुण्याहून पोचेपर्यंत आळीतल्या बायकांनी अंघोळ घातली. कुणीतरी दुकानातून पांढरी साडी आणली होती. मी कपाट उघडलं आणि वरच्या कप्प्यातली साडी काढली. एक म्हातारी म्हणाली, "आगं, रांडमुंड बाईला असलं घालत न्हाईत." मी ऐकलं नाही. निऱ्या घातल्या, हातांनी पुन्हा पुन्हा सारख्या केल्या. माझ्याच्याने त्यांच्यासारख्या जमल्या नाहीत.

संदीप आला, बायको आणि सासू बरोबर. आईकडे बघून तो दारातच थबकला. रडता रडता त्याने विचारलं, "ही साडी कुठली?"

मी त्याच्या सासूकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमचीच आहे. ओळखली नाहीत?"