सीट कव्हरखालचे पट्टे

गाडीच्या सीटखाली काय काय साठलंय, हे गाडीच्या मालकाला कधीच माहीत नसतं. आमच्या दुकानात सीट उचलली की पेनाची टोपणं निघतात, शेंगदाणे निघतात, तुटलेली बांगडी, कुठल्याशा लग्नातल्या अक्षता. कोणी मुद्दाम ठेवलेलं नसतं. किस्सेही तसेच साठतात. मी शाळेत फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे ते जरा जास्तच साठलेत. आज थोडे बाहेर काढते.

आमचं दुकान शेवगावात आहे, गाड्यांच्या सीट कव्हरचं. पप्पा मापं घेतात आणि रेक्झिन कापतात, आई मशीनवर शिवते, सलीमचाचा ते गाडीत बसवतात. मी दहावीत आहे. शाळेतून आल्यावर माझं काम एवढंच की कव्हर बसलं की छोटी कात्री घेऊन गाडीत शिरायचं आणि सुटलेले दोरे कापायचे. काचा बंद असतात. मशीनचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येतो. नव्या रेक्झिनचा वास, काचेतून आलेलं पिवळं ऊन. आतून पाहिलं की आमचाच रस्ता मला दुसऱ्या कुठल्या तरी गावचा वाटतो. दोरे दोन मिनिटांत संपतात, पण मी दहा मिनिटं बसते. पप्पांना हे माहीत आहे. ते हाक मारत नाहीत.

*

एकदा एक रिटायर झालेले गुरुजी आले. म्हणाले, "सुट्टीला नातवंडं येणार आहेत. मागच्या सीटला पट्टे बसवून द्या. आमच्या गाडीला कंपनीनं दिलेच नाहीत."

पप्पांनी मागची सीट उचलली. कव्हरखाली तिन्ही पट्टे नीट घडी घालून झोपले होते. लॉकवरचं पातळ प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

"हे इथं कोणी कोंबले?" गुरुजींनी विचारलं. अगदी वर्गात विचारावं तसं.

पप्पांनी कव्हर उलटं केलं. आतल्या बाजूला आमच्याच दुकानाचा शिक्का होता.

पप्पा कव्हरची घडी घालायला लागले. आईने मशीन जोरात सुरू केलं. शेवटी सलीमचाचा म्हणाले, "गुरुजी, सांभाळून ठेवले होते."

*

यात पप्पांची एकट्याची चूक नाही. गिऱ्हाईकच सांगतं की मागची सीट सोफ्यासारखी सपाट दिसली पाहिजे, ते पट्टे आणि लॉक मध्ये टोचतात, आत घालून टाका. पुढचे पट्टे राहतात, पण तेही बऱ्याचदा नगरपुरतेच.

नेवाशाचे एक काका कायम पांढऱ्या शर्टात असतात. महिन्यातून एखादवेळी नगरला गेले की चौकात पोलीस असतात म्हणून पट्टा लावतात. एरवी तो बाजूला लोंबकळत धूळ खातो. एकदा ते घरी शेतावर जातो सांगून निघाले आणि मित्रांबरोबर नगरला जेवून आले. काकूंनी दार उघडलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नगरला काय खाल्लंत?"

काकांच्या पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून कमरेपर्यंत मातीचा तिरपा पट्टा उमटला होता.

ते आमच्याकडे आले ते पट्टा धुऊन मिळतो का, हे विचारायला. पप्पा म्हणाले, "रोज लावा, आपोआप स्वच्छ राहतो." काका म्हणाले, "आता कायमच लावावा लागणार. घरचा चौक अवघड आहे."

*

गणपतीचा किस्सा एका कांद्याच्या व्यापाऱ्यांनी स्वतः सांगितला. मूर्ती मोठी होती, म्हणून पुढच्या सीटवर ठेवली. मागे बायको आणि दोन मुलं. गाडी सुरू केली तर टिंग टिंग टिंग. सीटवर वजन आहे आणि पट्टा नाही, एवढंच गाडीला कळत होतं. बायको म्हणाली, "देवाला पट्टा लावा, नाहीतर घरापर्यंत असंच वाजत राहील."

लावला. सोंडेला धक्का न लावता, हळूच.

"मग मला कसंतरीच वाटायला लागलं," ते म्हणाले. "देव पट्टा लावून बसलेत आणि मी मोकळा. मीही लावला. मुलं म्हणाली आम्हालाही लावा. दहा दिवस आमच्या घरात बिनपट्ट्याचं कोणी गाडीत बसलं नाही."

"आणि नंतर?" सलीमचाचांनी विचारलं.

"नंतर काय. देव गेले."

*

आता ताईचे किस्से. ताई बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. ओवी तीन महिन्यांची झाली, तेव्हा तिला नगरपलीकडच्या कर्जतला घरी न्यायला दाजी आणि ताईच्या सासूबाई आल्या. ताई त्यांना आत्याबाई म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. दाजींनी डिकीतून आधी एक मोठं खोकं काढलं. त्यात ओवीची गाडीत बसायची सीट होती.

ती ताईने मागवली होती. बाळंतपणाला येताना नगरच्या अलीकडे उसाची ट्रॉली एकदम आडवी आली होती. दाजींनी करकचून ब्रेक मारला आणि ताई मागच्या सीटवरून पुढे गेली. दोन्ही हात पोटावर होते, म्हणून खांदा आपटला. हे तिने फक्त मला सांगितलं.

"तेव्हा ती आत होती," ताई म्हणाली. "आता बाहेर आहे. कर्जत तीन तासांवर आहे आणि माझ्या हातांवर माझा भरवसा नाही."

सीटबरोबर एक पुस्तिका होती. ती वाचायचं काम माझ्याकडे आलं. सगळे गाडीभोवती उभे होते आणि मी हळू आवाजात वाचत होते. सीट गाडीच्या मागच्या भागात लावावी. बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस असावे.

"तोंड मागं?" आत्याबाई म्हणाल्या. "लेकरू आपल्या घरी चाललंय आन् तोंड आजोळाकडं?"

"ब्रेक लागला की दाब सगळ्या पाठीवर येतो, विहीणबाई," पप्पा म्हणाले. "मानेला झटका बसत नाही."

"पाच लेकरं मांडीवर नेली-आनली मी. एकाला पट्टा न्हाई लावला. बांधून घालायला ती काय वासरू हाय?"

दाजी टायरकडे बघत राहिले. ताई आत निघून गेली.

*

सलीमचाचांचा विश्वास बोलण्यावर नाही, करून दाखवण्यावर आहे. त्यांनी ओवीच्या वजनाएवढी गव्हाची पिशवी आणली. आत्याबाईंना आपल्या जुन्या गाडीत पुढे बसवलं, पट्टा लावला, पिशवी मांडीवर दिली. "ही ओवी. घट्ट धरा."

दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी गाडी सायकलच्या वेगाने चालवली आणि ब्रेक दाबला.

पिशवी हातातून सुटून समोर आपटली आणि फाटली. गहू सगळीकडे. आत्याबाई जागेवर होत्या. त्यांचे हात तसेच, काहीतरी धरल्यासारखे.

मला वाटलं, झालं, पटलं.

आत्याबाईंनी पदरावरचे गहू झटकले. "पिशवी हाय ती," त्या म्हणाल्या. "ओवी आसती तर सुटली नसती."

*

तरी दाजींनी ठरवलं की निदान सीट बसवून तर बघू. पुस्तिकेत पुढचं वाक्य होतं, गाडीच्या पट्ट्याने सीट घट्ट बांधावी. दाजींनी मागे हात घातला. पट्टा नाही. दुसरीकडे घातला. तिथेही नाही.

पप्पांचा चेहरा मी तेव्हा पाहिला.

ते कव्हर ताईच्या लग्नात पप्पांनी दिलेलं होतं. मरून आणि क्रीम रंगाचं, चौकटीची शिलाई. आई त्यासाठी चार दिवस मशीनवर बसली होती. मागची सीट तर इतकी एकसंध की गावातले लोक बघायला आले होते. आणि त्या एकसंध सीटखाली तिन्ही पट्टे होते.

म्हणजे त्या दिवशी, ट्रॉली आडवी आली तेव्हा, ताईला लावायला पट्टाच नव्हता. हे पप्पांना कोणी सांगितलं नाही. पण दाजी पटकन म्हणाले, "राहू द्या पप्पा, चांगलं कव्हर आहे," आणि त्या पटकन म्हणण्यातच पप्पांना काहीतरी कळलं असावं.

त्यांनी कापायची सुरी उचलली. आई मशीनवरून उठून आली आणि तिने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"कापू नका," ती म्हणाली. "मी उसवते."

संध्याकाळपर्यंत ती एकेक टाका उसवत होती. पप्पा शेजारी बसून दोरे गोळा करत होते.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच गाडीत होते. आईने पट्ट्यांसाठी फटी ठेवून कव्हर परत शिवलं होतं आणि मी दोरे कापत होते. ओवीची सीट शेजारी बसवलेली होती. घर झोपलं होतं. दार उघडलं आणि आत्याबाई आत येऊन बसल्या. दार लावून घेतलं. ओवीच्या सीटचं लॉक चाचपून बघितलं. बाहेर ऊन नुसतं उभं होतं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "हे सुटतं कसं?"

मी लाल बटण दाखवलं. त्यांनी अंगठा ठेवला. कांदे काढून काढून त्यांचे अंगठे वाकडे झालेत. बटण दबेना.

"बग," त्या म्हणाल्या. "गाडी कुटं कालव्यात गेली. समदे बेसुद. मी एकलीच शुद्धीवर. लेकरू हितं शेजारी बांधल्यालं आन् मला हे सुटंना. मंग मी काय करू? मांडीवर आसलं म्हंजी निदान उचलून पळंल तरी."

मी घरात गेले आणि स्वयंपाकघरातून लाल भोपळा घेऊन आले. ओवीएवढाच होता. आईने शिवलेलं एक टोपडं त्याला घातलं आणि सीटमध्ये ठेवला.

आत्याबाईंनी भोपळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसल्या नाहीत. कामाला लागल्या.

एका अंगठ्याने जमेना, म्हणून एकावर एक दोन्ही अंगठे ठेवून दाबून बघितलं. खट. सुटलं. परत लावलं. परत सोडवलं. पंधरा-वीस वेळा तरी. मग म्हणाल्या, "आता अंधार समज," आणि डोळे मिटले. त्यांचे हात भोपळ्यावरून हळूहळू खाली आले, पट्टा सापडला, बटण सापडलं. खट.

"गोधडी आदी का पट्टा आदी?" डोळे मिटूनच त्यांनी विचारलं.

"आधी पट्टा. तो अंगाला लागून पाहिजे, आत एकच बोट जाईल इतका. गोधडी वरून."

त्यांनी भोपळा आणि पट्ट्याच्या मध्ये एक बोट घालून बघितलं.

"तुला का इचारलं ठावं हाय का? तू कुनाशी बोलत न्हाईस म्हनून."

हे लिहू का, असं मी नंतर त्यांना फोनवर विचारलं. म्हणाल्या, "लिव्ह. टोपड्याचं बी लिव्ह, न्हाईतर कोन इश्वास ठिवील."

*

निघायच्या सकाळी ओवी सीटमध्ये ठेवल्याबरोबर रडायला लागली. आई म्हणाली, "बघा हं, रडतेय." दाजींनी आरशातून मागे बघितलं. ताईने ओठ दाबून धरले होते. सगळ्यांना वाटलं, आता आत्याबाई तिला उचलून मांडीवर घेणार.

आत्याबाईंनी पट्टा लावला. बोट घालून बघितलं. वरून गोधडी टाकली. मग स्वतःचा पट्टा लावला आणि म्हणाल्या, "चल रं."

"विहीणबाई, कधी शिकलात?" आईने खिडकीतून विचारलं.

"त्यात काय शिकायचंय," आत्याबाई म्हणाल्या.

*

दुपारी मी ताईला फोन केला. पोचलात का, असं विचारलं.

"पोचून पाऊण तास झाला," ताई कुजबुजली.

"मग हळू का बोलतेस?"

ताईने सांगितलं, गाडी दारातल्या लिंबाखाली उभी होती, चारही दारं उघडी. दाजी सामान उतरवून आंघोळीला गेले होते. ओवी मिरजगाव सोडल्यावर जी झोपली ती झोपलीच होती. आणि आत्याबाई अजून तिच्याशेजारी बसून होत्या. लॉक सोडवलं की खट वाजतं, म्हणून ओवीचा पट्टा सोडवायचा नाही. स्वतःचाही नाही. ताईच्या मोठ्या जाऊबाई भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. उभं राहून राहून शेवटी त्या स्वतःच गाडीपाशी आल्या आणि आत वाकून दोघींवरून तिथेच ओवाळला.

"उतरा म्हणावं की त्यांना," मी म्हणाले.

ताईने फोन गाडीच्या दारापाशी नेला असावा. आधी लिंबाच्या पानांचा आवाज आला, मग आत्याबाईंचा, अगदी दबका.

"हळू बोल गं. तिला वाटतंय, गाडी अजून चालूच हाय."