बोटभर उंचीचे आकडे

लाकूड डेपोत ओंडका मोजायला तिघं लागतात. एक टेप लावून घेर आणि लांबी ओरडून सांगतो, दुसरा त्यावरून घनफळ काढून पुकारतो, तिसरा वहीत लिहितो. मधला माणूस मी. जोयड्याच्या रानातून आमच्या डेपोत येणाऱ्या प्रत्येक ओंडक्याचं घनफळ माझ्या तोंडून निघायचं, आणि कॅल्क्युलेटरवरचे साधे आकडे मला दिसत नव्हते.

डोळ्याच्या पडद्याचा मधलाच भाग झिजतोय, चष्म्याचा उपयोग नाही, असं बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे मी बायकोलाही सांगितलं नाही, आईलाही नाही. सांगितलं असतं तर मोजणीवरून माझी उचलबांगडी ठरलेली, आणि मोजणीशिवाय मला काही येत नव्हतं. शिवाय मी हट्टी आहे, तेही खरं.

ठाऊक होतं फक्त मेहुण्याला. तो बेळगावला इंजिनिअरिंग शिकत होता आणि त्याला एक खूळ होतं. आलेख काढणारा एक परदेशी कॅल्क्युलेटर त्यानं मिळवला होता. त्या यंत्रासाठी ठिकठिकाणची हौशी पोरं प्रोग्रॅम लिहायची आणि एकमेकांना पाठवायची. पडदा चांगला मोठा होता, पण कंपनीनं दिलेल्या भाषेत त्यावर मोठे आकडे काढायचे तर अर्धं मिनिट जायचं. तोवर पुढचा ओंडका टेपखाली. पोरांनी मात्र कंपनीच्या नजरेतून सुटलेली एक फट शोधली होती. तिच्यातून थेट यंत्राच्या भाषेतला प्रोग्रॅम आत घालता यायचा. मेहुण्यानं तसा एक लिहिला आणि यंत्र मला देऊन टाकलं. मी कळा चाचपून दाबायचो, आणि एकापाठोपाठ एक काळेकुट्ट, बोटभर उंचीचे आकडे झटकन उभे राहायचे. पहिल्यांदा ते वाचता आले तेव्हा परसात जाऊन रडलो, खोटं कशाला सांगू?

दोन हंगाम असे निभावले. मग एका उन्हाळ्यात आईनं त्याचे सेल काढले. रेडिओचे नाहीतर बॅटरीचे सेल उतरले की अंगणात उन्हात मांडायचे, ही आमच्याकडं घरोघरची रीत. त्यावर आणखी चार दिवस निघतात. मी घरी आलो तर वाळवणाच्या कडेला माझे चार सेल ओळीनं झोपलेले.

"आई, ह्यातले कशाला काढलेस?"

"का? सोन्याचे हाईत व्हय? बघ कसे तापलेत. आता पळंल तुझं यंत्र."

पळालं खरं, आठवडाभर. मग ते सेल आत पाझरले आणि यंत्र मेलं. प्रोग्रॅम मेहुण्याकडं लिहून ठेवलेला होता, म्हणून मी फार घाबरलो नाही. पावसाळ्यात मोजणी बंदच असते. त्यानं यंत्र दुकानदारामार्फत कंपनीकडं पाठवलं. आतला भाग नवा बसून ते परत आलं तेव्हा हंगाम तोंडावर होता, आणि दहा दिवसांनी वरचे साहेब फेरमोजणीला येणार होते.

जोयड्याच्या एसटीडी बूथवरून मी मेहुण्याला फोन लावला.

"दाजी, घात झाला," तो म्हणाला. "यंत्र चालतंय, पण आपला प्रोग्रॅम घेत न्हाई. नव्या भागात कंपनीनं ती फट बुजवलीया. संगट चिठ्ठी हाय, आमच्या परवानगीबिगर लिवल्यालं काय घालू नका म्हणून."

"दुसरी फट शोध."

"शोधायलेत सगळी. पण दहा दिवसांत न्हाई व्हायचं, दाजी. यंत्र हाय तसंच धाडतो."

मी फोन आपटला. यंत्र माझं, डोळे माझे, आणि परवानगी कुठल्या परदेशातल्या माणसाची! बूथवाला माझ्याकडं बघत राहिला. परतीच्या जीपमध्ये मी रस्ताभर एकशेवीस सेंटिमीटर घेर, तीन मीटर लांबी, पॉइंट दोन सात शून्य घनफळ, असं घोकत बसलो. नेहमी येणाऱ्या मापांचे ओंडके तरी पाठ हवेत.

साहेब आले. दहा ओंडके निवडले आणि घनफळाच्या तक्त्याचा कागद हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. टेपवाल्यानं पहिला पुकारला, एकशेवीस आणि तीन. मी कळा दाबल्या. पडद्यावर मला मुंग्यांच्या रांगेसारखं काहीतरी करडं दिसलं. "पॉइंट दोन सात शून्य," मी म्हणालो. साहेबांनी मान डोलावली. दुसरा, तिसरा, तेही घोकलेल्यांतलेच निघाले. माझा सदरा पाठीला चिकटला होता.

चौथ्यावरचा नंबर पुसट होता. तो खरवडून बघण्यात पाच-सात मिनिटं गेली. मग टेपवाला ओरडला, "घेर एकशेत्र्याहत्तर, लांबी तीन सात!"

हा पाठ नव्हता. मी कळा दाबल्या, भुवया आकसून पडद्याकडं पाहिलं आणि अंदाजानं पुकारलं, "पॉइंट सहा नऊ शून्य."

"सहा नऊ दोन," साहेब कागद बघून म्हणाले. ते जवळ आले, माझ्या हातात वाकून पाहिलं. "काय दिसतंय तुम्हाला यात?"

"सहा, नऊ, शून्य."

"अहो, यंत्र बंद आहे."

पाच मिनिटं कळ दाबली नाही की ते आपोआप झोपतं, आणि सुरू करायची कळ दाबल्याशिवाय उठत नाही. मेहुण्याच्या प्रोग्रॅमनं ती झोप अडवून धरली होती, म्हणून मला ते कधी कळलंच नव्हतं. टेपवाल्यानं टेप खाली ठेवली. मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं.

"किती दिवस झाले?" साहेबांनी हळूच विचारलं.

"तीन वर्षं," मी म्हणालो.

त्यांनी यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं, सुरू केलं आणि वहीवाल्याकडं दिलं. ओंडके अजून सहा राहिले होते, आणि ते सहाही घोकलेल्यांतलेच निघाले. तो एकेक कळ शोधून दाबत होता, आणि त्यानं पुकारायच्या आधी प्रत्येक आकडा माझ्या ओठांवर येत होता.